पट्टा

पट्टा मी विणला तिचा. फारसं कुणाला माहीत नाही.
छापखान्यातनं यायचा होता, आला नाही,
मग शेठ म्हणाले, अरे बोगा, तुझ्या मागावर
चादरीत मोर निघतो, हत्ती निघतो,
चार अक्षरं निघणार नाहीत व्हय?
निघाली. रात्रभर पुठ्ठ्यांना भोकं पाडली:
'सोलापूर सुंदरी', एकोणीसशे त्र्याण्णव.
पहाटे बघतो तर अनुस्वार राहिलेला,
तो सुईनं टाचला.
शेजारच्या मागावर मेरगू होता, रातपाळीला.
कुणाच्या गळ्यात पडणार बे हे? त्यानं विचारलं.
मी म्हटलं, देवाला ठाऊक.

त्याचीच पोरगी. पद्मजा.
आई दिवसाला हजार विड्या वळायची.
पोरगी उंच, घरात डोकं पत्र्याला लागायचं,
म्हणून जरा वाकून चालायची सवय.
परीक्षकांना ती अदब वाटली.

स्टेजवर विचारलं, जिंकलीस तर काय करशील?
आधीच्या पोरींनी अनाथाश्रम काढले होते.
ही म्हणाली, झोपीन.
एक दिवस, एक रात्र.
आमच्याकडं गादी एक, झोपणारे सहा,
पाळीनं झोपतो वो आम्ही.
लोक हसले. मग हसणं थांबलं
आणि टाळी कुठनं सुरू झाली कळलं नाही.
टॉवेलचं सूत होतं, पट्टा टोचत होता,
फोटोत तिचा एक हात खांद्यावर आहे तो त्यामुळं.

पुढं शेठनं तिला टॉवेलच्या गठ्ठ्यावर छापलं:
गाल टॉवेलला टेकवलेला, डोळे मिटलेले.
फोटोवाला सांगायचा, दिव्यांच्या उबेत
खरंच लागली होती तिला.
एका साडीच्या दुकानाचं कॅलेंडर, मार्च आणि ऑक्टोबर.
गड्ड्यात एका पाळण्याची फीत.
पुण्याच्या फेरीत नववी.
चेहरा चांगलाय म्हणाले, हेल तेवढा घालवा.
घरी तेलुगू, शाळेत मराठी, नळावर कानडी,
कुठला घालवायचा?
रात्रीच्या यष्टीनं परत आली,
सकाळी आईजवळ सूप घेऊन बसली.

लग्न झालं. नवऱ्याचं दुकान बसलं.
विडी घरकुलात तिनं पार्लर काढलं.
पेंटर म्हणाला, 'माजी सोलापूर सुंदरी' लिहू का खाली?
माजी आमदार असतो, म्हणाली.
दोऱ्याचं टोक दातात धरून भुवया कोरते,
चाळीस नंबरचं सूत, माझ्याकडनंच नेते,
बाजारचं तुटतं म्हणते.
लग्नसराईत विडीच्या बायका येतात,
त्यांच्या बोटांचा पिवळा लिंबानं घासून काढते,
त्याचे पैसे लावत नाही.
पट्टा आरशाच्या खिळ्याला. अनुस्वार कधीचा गळला.

अक्कलकोट रोडचा कारखाना बंद पडला,
गठ्ठे लिलावात गेले, कुठंकुठं.
परवा माझ्या पुतणीनं फोटो पाठवला,
रत्नमालानं, डब्लिनला नर्स आहे ती.
वसतिगृहाच्या कपाटात एक न फोडलेला गठ्ठा,
वर पद्मजा, वीस वर्षांची.
काका, ती लिहिते, आमच्या वॉर्डात एक म्हातारी आहे,
तरुणपणी तीही त्यांच्या गावची सुंदरी होती,
मोटारींच्या जाहिरातीत दिसायची, मग एका शाळेत शिपाईण,
अजून उशाखाली पट्टा ठेवते.
तिला हे दाखवलं.
चष्मा लावून खूप वेळ बघितलं तिनं,
आणि म्हणाली, पोरगी दमलेली दिसते.

मी मोबाईल घेऊन घरकुलात गेलो.
खुर्चीत नवरी होती, पद्मजाच्या दातात दोरा.
फोटो बघितला. रत्नमालाचं वाचून दाखवलं.
बोलली नाही, दोरा होता ना.
उजवी भुवई पुरी केली,
डावी केली,
नवरीच्या कपाळावर पावडर झटकली.
मग दोरा बोटाला गुंडाळत म्हणाली,
त्या बाईला झोप लागते का, तेवढं विचारा.