गळती तपासणी

सातपूरच्या कारखान्यात
पंपांच्या झडपा तपासते मी, एकोणीस वर्षं.
पाण्यात बुडवायची, हवेचा दाब सोडायचा,
बुडबुड्याची वाट बघायची.
आला, की लाल चिठ्ठी.
वाद नाही, विनवणी नाही.

दिवाळीच्या आधी डॉक्टर बनकरांनी
पडद्यावर माझीच झडप दाखवली.
काळोखात काहीतरी फडफडत होतं,
आणि पुढे गेलेलं रक्त
थोडं थोडं मागे फिरत होतं.
“तीन पाकळ्या असतात. तुम्हाला दोनच आहेत.
जन्मापासून.”
मला आठवलं बेलाचं पान.
त्र्यंबकच्या टोपलीवाल्या मावशी
दोन पानांचं दल निवडून बाजूला टाकतात,
शेळीपुढे.

पण बेचाळीस वर्षं ओढलं की या दोघींनी!
कसाऱ्याचा घाट, सापुताऱ्याची वळणं,
आणि गंगापूर धरणाची वाट तर रोजचीच,
अंधारात, फिरोज कोकणीच्या मागच्या चाकाला चिकटून.
पावसाळ्यात तोच म्हणाला होता,
“वैजू, तू चढावर बोलायची बंद झालीस.”
मला वाटलं, वय.

सिन्नरला वडिलांना फोन केला.
बराच वेळ नुसता टीव्हीचा आवाज.
मग म्हणाले, “दुसरीत असताना शाळेत तपासणी झाली होती.
छातीत आवाज आहे म्हणाले, हिला पळू देऊ नका.
म्हणून तर तुला सायकल घेतली.”

म्हणून तर!
ती हिरवी, दांड्याची, कुणाच्यातरी थोरल्याची,
जिच्या सीटवर पोचायला मला दोन वर्षं लागली.
हसूच आलं.
हसताना धाप लागली.
मग राग आला.

टेबलावर दोन झडपा ठेवल्या डॉक्टरांनी,
सोनारानं अंगठ्या मांडाव्यात तशा.
एक कार्बनची. जन्मभर टिकेल,
रात्री सामसुमीत टिकटिक ऐकू येईल,
रक्त पातळ ठेवायची गोळी रोज,
आणि पातळ रक्ताच्या माणसाने घाटात पडायचं नसतं.
दुसरी गाईच्या हृदयावरच्या पडद्याची.
मुकी. पण दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा यावं लागणार.
“गॅरंटी?” मी सवयीने विचारलं.
“अंदाज,” ते म्हणाले.
तिथे मला तो माणूस पटला.
पडायची मुभा हवी होती.
दुसरी घेतली.

छाती मधोमध चिरली नाही.
उजवीकडे, दोन बरगड्यांच्या फटीतून,
तीन-चार बोटं रुंद वाटेने
लांब दांड्यांची हत्यारं आत गेली.
हृदय थांबवलं होतं, सत्तर मिनिटं.
त्या वेळात मी कुठे होते
ते कुठल्याच कागदावर नाही.
यंत्र माझं रक्त फिरवत होतं, म्हणजे पंपच तो.
शुद्धीवर येताना मी म्हणे पहिलं विचारलं,
“कुठल्या कंपनीचा?”

कामावर परत गेले तेव्हा
लाल चिठ्ठ्यांच्या पेटीतून एक झडप उचलली,
जरा वेळ हातात धरून ठेवली.
मग परत टाकली.
गळते ती गळतेच.

आज अकरा आठवडे झाले.
थंडी अजून बोटांत चावते.
परवानगी फक्त सपाटीची.
फिरोज मुद्दाम सावकाश चालवतो,
आणि ते मला कळू नये म्हणून चेनला शिव्या घालतो.

सोमेश्वरच्या पुढे एक चढ लागतो,
चढ म्हणावा असाही नाही.
तिथे मी बोलून पाहिलं.
द्राक्षांचा भाव, त्याच्या मेव्हण्याचं लग्न,
काहीबाही, मोठ्याने,
एकही वाक्य मध्ये न तोडता.
“वैजू,” तो म्हणाला, “जरा गप बस,
मला दम लागलाय.”

ब्लाउजच्या आत व्रण खाजत होता.
मी बोलतच राहिले.