हो-नाही नसलेली भाषा

गॉलवेचा व्हिसा आला नाही
म्हणून गॉलवे मुहर्रकला आलं.
कॉलेजचा तळमजला, खोली क्रमांक सात,
सहा आठवडे, सत्तर दिनार, चहा-बिस्किट धरून.

डर्व्हला बाई आल्या त्या सोललेलं नाक घेऊन
आणि चपलांच्या खोक्यात एक काळी वीट.
दलदलीतून कापलेली, वाळवलेली, जाळायची माती.
विमानतळावर विचारलं म्हणे, हे काय?
बाई म्हणाल्या, जमीन.
गच्चीवर तिचा एक कोपरा पेटवला आम्ही, चोरून.
जलीला खोकली, रिन्सीने ओढणी नाकाला लावली.
मी म्हटलं, शेणी!
कुणालाच कळलं नाही. बाईंनी मात्र
शब्द वहीत लिहून घेतला, दोनदा विचारून.

"आमच्याकडे 'हो' नाही," त्या म्हणाल्या,
"'नाही'सुद्धा नाही. विचारलेलं क्रियापदच परत करायचं."
सगळ्या हसल्या.
आमच्या घरी फोनवर वर्षानुवर्षं हेच चालतं:
जेवलात? जेवलो.
मिळाले पैसे? मिळाले.
येताय दिवाळीला?
इथे मात्र बाबा क्रियापद परत करत नाहीत.
बघू, म्हणतात.

टा ब्रोन ऑर्म.
दुःख आहे माझ्यावर.
इंग्रजीत मी स्वतःच दुःखी असते,
आयरिशमध्ये ते येऊन बसतं खांद्यावर,
मराठीत होतं मला,
भूक लागावी तसं, ठेच लागावी तसं,
माझा काही दोष नसल्यासारखं.

मग नाच. हात शिवल्यासारखे कडेला,
सगळा दंगा गुडघ्याखाली.
घरी सराव केला तर खालच्या मजल्यावरून
झाडूचा दांडा छताला, तालात.

चौथ्या आठवड्यात बाईंनी सांगितलं,
माणूस बोटीत बसायच्या आदल्या रात्री
गाव जमायचं त्याच्या घरी,
मेलेल्या माणसासाठी जमतं तसंच:
तंबाखू, फिडल, थट्टा,
आणि पहाटे आईचं मोठ्याने रडणं.
तो मध्ये बसलेला, जिवंत, नवा कोट घालून.
"घरच्या कुणाला तरी विचारा," म्हणाल्या, "गृहपाठ."

जुलैत बारा ते चार उन्हात काम बंद, कायद्याने.
बाबा गोदीवरून घरी, बनियनवर,
वेल्डिंगचे ठिपके मनगटापर्यंत.
विचारलं, तुम्ही निघालात त्या रात्री काय झालं?
"काय व्हायचंय? झोपलो."
ताक प्यायले. भांडं खाली ठेवलं.
"झोपलो कुठलं.
इचलकरंजीत आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंनी माग.
जन्मल्यापासून तो खडखडाट डोक्याशी.
पोराला पहाटेची गाडी आहे,
म्हणून त्या रात्री सगळ्यांनी माग बंद ठेवले.
गफूरभाईंनी, वरच्या आळीच्या म्हेत्रेंनी,
एका पाळीची मजुरी सोडून.
चारुता, तेवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती.
डोळा लागला नाही.
कानाला वाटत होतं, कुणीतरी गेलंय."

मी हे वर्गात इंग्रजीत सांगितलं,
अडखळत. माग या शब्दाला माग नाही इंग्रजीत,
नुसतं यंत्र आहे.
बाई काही बोलल्या नाहीत.
उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि एसी बंद केला.

महिनाभर तो घरघरत होता
हे तेव्हा कळलं.
बाहेर कुठेतरी टँकर मागे सरकत होता,
जलीलाच्या बांगडीचा एकदा आवाज झाला.
तिचे पणजोबा मोत्यांसाठी बुडी मारायचे,
त्या घरच्या बायका किनाऱ्यावर काय करायच्या
ते ती सांगणार होती. नाही सांगितलं.
घाम फुटायला लागला तेव्हा
रिन्सीने जाऊन बटण दाबलं.

प्रमाणपत्रावर माझं नाव चुकलंय, चारूटा.
बाबांनी ते चष्मा लावून वाचलं,
फ्रिजला चुंबकाने लावलं, वाकडं.
झालीस पास?
झाले.
आणि ते गॉलवे? जायचंय अजून?

बघू, म्हटलं मी.
ते हसले नाहीत.
पावणेचार वाजले होते, बूट शोधत होते.