मंठेकरांस

जालन्याच्या मोंढ्यात, सरकीच्या गाळ्यामागं
बाप ताडपत्र्या शिवायचा.
दाभणानं अंगठा सोलवटलेला,
डोळ्यांत पडदा उतरत आलेला,
म्हणून पोस्टकार्डावर अक्षरं ही एवढाली,
पाच ओळींत कार्ड भरायचं.

वर लिहायचा, मंठेकरांस. परतूरकरांस.
मी हसायचो. मंठ्यात आपली घरं किती? चार.
तो म्हणायचा, पौलाच्या करिंथकरांची तरी
कुणी शिरगणती केली होती?
तोही तंबूच शिवायचा, बाबा.
हात गुंतलेले असले की
माणूस लांबच्यांशी बोलतो.

परवा मंठ्याहून सुगंधाबाई आली, एसटीनं,
कॅरीबॅगेत सगळी कार्डं घेऊन.
मला वाटलं, उपदेश असेल.
होतं ते असं:
हापशावरून भांडू नका.
इस्राएलच्या पोरीला शाळेतून काढू नका.
यंदा येणं होत नाही, गुडघा धरतो.
आणि शेवटच्या कार्डावर, कडेनं, तिरपं:
माझी घोंगडी तिथंच राहिलीय.
थंडीच्या आत कुणी आलं तर आणा.

बाप पौषातच गेला.
कार्ड कुठं अडकलं कोण जाणे,
मंठ्यात पोचलं तेव्हा होळी झालेली.

सुगंधाबाईनं दुसऱ्या पिशवीतून घोंगडी काढली.
उन्हं दाखवून, घडी घालून आणलेली.
एक कोपरा उसवला होता, तिथं
ताडपत्रीच्या दोऱ्यानं कुणी टाके घातलेले,
वाकडे, पण दुहेरी,
बाप घालायचा तसे.

मी ते उसवायला दाभण उचललं.
मग म्हटलं, मावशी, जेवलीस का?