साडेसात

मुथियान शेठ फोनवर म्हणाले,
पाचची मोटर काढा, साडेसातची टाका,
बेसमेंटात लोकांचा जीव घुसमटतो.
मी म्हटलं, आधी बघतो.
बघायचं काय त्यात, ते म्हणाले, हवा तर आहे.

शिवाजीनगर कोर्टाच्या मागची इमारत.
वर वकील, खाली जमिनीच्या पोटात
झेरॉक्सची सात मशिनं, दोन नोटरी, लॅमिनेशन,
आणि ताठेबाई, मराठी टायपिंग,
कपाळाला ओला रुमाल बांधून
कुणाचा तरी घटस्फोटाचा अर्ज बडवत होत्या.

मी टेप काढला.
उंची नकाशावर अकरा फूट, प्रत्यक्षात नऊ,
कारण मधे पोटमाळा,
आणि पोटमाळ्यावर ब्याण्णव सालापासूनच्या फायली.
तासाला किती वेळा बदलायची इथली हवा?
कोष्टक म्हणतं बारा.
कोष्टकाला लॅमिनेशनचा वास माहीत नाही.
मी पंधरा धरले.
डक्टला चार वळणं, एक तर थेट काटकोनात,
आणि प्रत्येक वळण हवेकडून काहीतरी काढून घेतं,
कोर्टातल्या टेबलांसारखं.

शर्वाणी, नवी सहाय्यक, वहीत उतरवत होती.
तिला म्हटलं, एवढं पाठ कर:
पंख्याचा वेग दुप्पट केलास तर हवा दुप्पट,
दाब चौपट,
वीज आठपट.
म्हणजे घाई महाग पडते, ती म्हणाली.
तसं लिहू नकोस, रिपोर्टात बसत नाही.

माझे वडील भोसरीत मोटरी भरायचे.
जळालेली मोटर उघडली की आधी नाकाजवळ न्यायचे.
म्हणायचे, मोटर आपणहून जळत नाही,
तिला कुणीतरी भलत्या कामाला जुंपलेलं असतं.
मोठी मोटर मागणारं गिऱ्हाईक आलं
की चहा मागवायचे, आणि विचारायचे,
छोटी काय म्हणत होती, ऐकलंत का?

जाळीला टिश्यू लावून बघितला.
चिकटला नाही. थरथरला, पडला.
ताठेबाईंनी ड्रॉवरमधून उदबत्ती काढून दिली.
धूर सरळ वर गेला, जरा घुटमळला,
मग जाळीकडं सरकला.
हवा जात होती,
पण तारीख पुढं जाते तशी.

गच्चीवर गेलो.
पंख्याच्या पेटीवर बाण होता, तीन रंगांखाली,
नखानं खरवडून काढला. उजवीकडं.
स्विच बंद केला,
आणि थांबता थांबता पाती दिसली
डावीकडं फिरताना.

कधीपासून?
वॉचमन गेजगे बोटं मोजत म्हणाले,
करोनाच्या आदल्या दिवाळीत मोटर भरून आणली होती ना.

या जातीचा पंखा उलटा फिरला
तरी हवा उलटी येत नाही.
जाते त्याच दिशेनं, अर्धीमुर्धी.
आवाज तोच, थरथर तीच, बिलही वेळेवर.
कुणी वर चढून बघेपर्यंत
त्याला कामचुकार कसं म्हणणार?

तीन वायरींपैकी दोघींची जागा बदलली.
दहा मिनिटं लागली,
त्यातली आठ एका गंजलेल्या नटाशी.

खाली आलो तर जिन्यावरून वारा उतरत होता.
नोटरीचे स्टँप, पावत्या, कुणाचं तरी वारसपत्र
सगळं जमिनीवर,
आणि ताठेबाई दोन्ही हातांनी घटस्फोट दाबून बसलेल्या.
रुमाल कपाळावरून सुटला होता.
आता कागद उडतात, त्या म्हणाल्या,
याचं काय करणार तुम्ही?

शेठना फोन केला. पाचच ठेवा,
काटकोन तेवढा गोल करून घ्या.
बराच वेळ तिकडून नुसता श्वास.
मग साडेसाती टळली म्हणायची, असं म्हणून हसले,
आणि हसणं संपायच्या आत विचारलं,
दोन वायरींची फी किती लावणार?

शर्वाणीनं वही मिटली.
मी गाडीतून एक झिजलेलं बेअरिंग आणलं, जड, गुळगुळीत,
आणि बाईंच्या अर्जावर ठेवलं.