पेव

अकरा माणसं आली होती व्याख्यानाला.
त्यात दोन शिपाई, एक त्यांचे चुलतभाऊ, जे झोपले,
आणि एक मी, स्लाइडचं यंत्र चालवायला,
तासाला तीन रुपयांवर.

साल सत्याहत्तर. सांगली. ऑक्टोबरची उकड.
जिनमती मगदूम ग्लासगोहून आल्या होत्या,
अंगात तपकिरी कोट, पायात कोल्हापुरी.
पेटी स्वतःच उचलून आणली.
म्हणाल्या, 'उलटी घालू नकोस रे.
उलट्या चित्रावर वीस मिनिटं बोलणं झालंय माझं एकदा,
आणि कुणालाही कळलं नाही.
मला धरून.'

हरिपूरच्या रावजी तोलारांची ही थोरली.
काट्यापाशी बसल्या बसल्या
हळकुंड मोडून, नखानं खरवडून सांगायची:
हे राजापुरी. हे गेल्या सालचं.
ह्याच्या पेवात पाणी शिरलंय.
दलाल हसायचे
आणि तिच्या शब्दावर भाव पाडायचे.
रावजींनी तिला शाळेत घातली,
पेठेत ती महाग पडायला लागली म्हणून.

पुढे साप्ताहिकात चित्रांवर लिहायला लागली,
जि. रा. मगदूम या नावानं.
समीक्षकांचं पेव फुटायचं होतं अजून,
बाई तर त्यात एकही नव्हती,
म्हणून वाचक पत्रात 'महाशय' लिहीत
आणि ती उत्तराखाली 'आ. न.'
आपला की आपली,
ते एका टिंबाखाली झाकलेलं.

ते बांधीव अंक मी फार नंतर वाचले, नगरवाचनालयात, पंख्याखाली.
नऊ वर्षांत एकदाही 'मी गेलो' नाही,
'मी गेले' नाही.
मला दिसलं. मला खटकलं. माझ्यानं तिथून हलवेना.
लोक त्याला शैली म्हणत.

तिकडे 'मी'ला लिंगच नाही.
बरं वाटलं असेल.
पण नावाचं मात्र 'मॅग' झालं, आणि तेच पाटीवर लागलं.
अख्खं सत्र नुसत्या पिवळ्यावर शिकवायच्या,
पोरं कंटाळली की
रुमालाच्या गाठीतून हळकुंड काढून
टेबलावर ठेवायच्या. हुंगा म्हणायच्या.
हे मला त्यांच्या चुलतभावांनी सांगितलं,
म्हणजे खरं असेलच असं नाही.

सातवी स्लाइड मी सरकवली आणि वीज गेली.
शिपाई कंदील घेऊन धावला.
त्या म्हणाल्या, राहू दे, दाराशीच ठेव.

मग अंधारात पेवाचं सांगितलं.
झाकण काढायचं. वारा खाऊ द्यायचा दिवसभर.
मग दोरीला बांधून कंदील सोडायचा खाली,
आणि तो विझला तर माणूस उतरवायचा नाही,
मालक कितीही ओरडू दे.
'चित्रापुढे एवढंच करायचं असतं. आधी कंदील.
पोथ्या काय, मागून येतात बैलगाडीनं.'
कुणीतरी हसलं.
'आमचा सिदू घाईनं उतरला होता,' त्या म्हणाल्या.
पुढे बराच वेळ काही नाही.
बाहेर रस्त्यावर कुणाचीतरी सायकल करकरत गेली.
चुलतभाऊ जागे झाले होते.

सातवं चित्र त्यांनी तोंडानंच काढलं.
थंड देशातली खोली. टेबलावर अर्धं कापलेलं लिंबू.
बाई पाठमोरी, मानेवर सुटलेली एक बट.
आणि भिंतीला, डाव्या अंगाला,
ओलीचा डाग, चित्रकारानं तो पुसला नाही.
'त्या डागासाठी मी तीनदा बोट ओलांडून गेले.'
गेले, म्हणाल्या.
तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

वीज आली.
पडद्यावर खोली उमटली, लिंबू, मान, बट, सगळं तसंच.
डाग उजवीकडे.

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. मग समोरच्यांकडे.
मग माझ्याकडे.
मी हात पुढे नेला तर मान हलवली, नको,
आणि तशाच बोलत राहिल्या.

पडदा गुंडाळताना म्हणाल्या,
'जाऊ दे. कुणाला दिसलं नाही.'

मला दिसलं होतं.