तीनशे बारावी फेरी

आचऱ्याला कुबलांच्या पडवीत
खुर्चीवर लॅपटॉप, सारवणावर मी.
निहार, साडेपाच वर्षांचा. शब्द एकोणीस.
त्यातला ‘होडी’ म्हणजे एकच होडी,
बापाची, निळ्या पट्ट्याची.
बाकीच्या नुसत्याच असतात किनाऱ्यावर.

संगणकात मी एक मूल केलंय.
त्याला चित्र दाखवते, आवाज ऐकवते,
चूक मोजते, धागे किंचित हलवते,
पुन्हा.
चाळिसाव्या फेरीतच ते सुटलं होतं सुसाट:
पात होडी, ट्रॉलर होडी,
पाण्यावरची करवंटीसुद्धा होडी.
मग मीच बसून त्याचे धागे कापले,
सहाशेतले दोनशे चाळीस,
निहारसारखं अडेपर्यंत.
त्या रात्री जेवण गेलं नाही.

तारल्यांची खवलं काढता काढता
त्याची आई म्हणाली,
“तेका सगळा कळता गो बाय. भायर येना नाय.”
मी बघितलं तर
माझ्या मुलात कळणं आणि बाहेर येणं
एकाच तारेवर टांगलेलं.
दोन थर वेगळे केले.
मध्ये वीज गेली, दोनदा.

तीनशे बाराव्या फेरीत
पडद्यावरचं मूल दुसऱ्या होडीला होडी म्हणालं.

निहार नाही म्हणाला.
माझं बोट धरून तो वाळूवर गेला,
झापांखाली पालथ्या घातलेल्या,
कुणा परक्याच्या पातीपाशी.
तिच्या बुडावर तळवा टेकला
आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

मी म्हटलं.
तो थांबला जरा,
आणि पुन्हा तसाच बघू लागला.