दुसरी सीडी, एकेचाळिसावं मिनिट

सिंदेवाहीच्या बाजाराच्या दिवशी आली,
पदरात भाकर गुंडाळावी तशी सीडी गुंडाळून.
"चालून नाही राहिली, भाऊ.
एकेचाळीस मिनिटं बराबर चालते, मग अटकते.
राजा हात वर करते अन् तसाच राहते.
पोरं आता त्याच्यावानी उभे राहून दाखवतात."
स्टुलावर बसा म्हटलं. बसली नाही.

तिरपी धरून पाहिली.
अक्षर माझंच, हिरव्या मार्करचं:
मंडई, भाग दोन, आणि एक साल,
ज्याचा शेवटचा आकडा कुणाच्या तरी घामानं नेला.

आधी सोपं ते.
चष्म्याच्या फडक्यानं, मधून काठाकडे, सरळ.
गोल पुसू नका, असं मी सगळ्यांना सांगतो
आणि सगळे ताटासारखं गोलच पुसतात.
मग चिमूटभर टूथपेस्ट. मग धुतली, वाळवली.
परत एकेचाळीस. परत हात वर.

घरचा प्लेअर कोणता?
"कंपनी नाही माहीत, नागपूरचा आहे."
विकतच्या सीड्या चालतात त्यात?
"त्या चालतात. तुमच्याकडच्याच नखरे करतात."

दारात जाऊन उन्हासमोर धरली.
खालच्या बाजूचे ओरखडे मला भिववत नाहीत.
पण वरचा थर गेला की कोणताच उपाय नाही.
टाचणीच्या टोकाएवढी दोन भोकं होती,
दोन्हींतून ऊन येत होतं.

तिनं विचारलं नाही. मलाच आठवलं.
रात्री दोनला बसलो होतो, सहाला लाइन जाणार होती,
चाळीस सीड्या सकाळी द्यायच्या कबूल केल्या होत्या,
गड्डी स्वस्तातली, नाव नसलेली.
आठच्या वेगानं राइट केल्या असत्या तर वीसच झाल्या असत्या.
बावन्ननं केल्या.
ड्राइव्ह पिठाच्या गिरणीसारखा ओरडत होता
आणि मी चहा पीत होतो.

बाकीच्या कुठं गेल्या ते ठाऊक आहे.
धानाच्या बांधीत सुतळीला टांगल्यात,
पोपट हाकलतात.
चमकायला कोणत्याच वेगाची अडचण येत नाही.

"तुमचं कोण होतं यात? राजा?"
"नाही जी. राजा आरमोरीचा होता.
माझे बाबा पडद्यामागं. प्रॉम्प्टर.
दिसत नाहीत ते कुठंच.
राजा इसरते नं, तेव्हा बाबाचा आवाज येते.
त्याच्या जरासक अगोदर अटकते."

मागच्या खोलीत एक जुना ड्राइव्ह आहे.
ट्रे चिमट्यानं ओढावा लागतो,
पण वाचायची घाई नाही त्याला.
वेग चारवर आणला.
जिथं वाचता येत नसेल तिथं थांबू नको, गाळ, पुढं चल,
असं यंत्राला सांगता येतं.
पाऊण तास ते एकाच जागी खरडत राहिलं,
उंदीर पेटी कुरतडतो तसं.
बाजार उठला. तिनं पिशवी दोनदा या हातातून त्या हातात घेतली.

मग चित्र फुटलं.
राजाचा मुकुट पोटावर आला, पोट हिरवं झालं,
सगळा दरबार चौकोनांत सांडला.
आवाज मात्र धाग्यावर टिकून होता.
राजा गप्प.
पेटीवाला तोच सूर धरून बसलेला.
आणि डाव्या बाजूनं, अगदी हळू,
"बस. खुर्चीवर बस."

राजानं ऐकलं नसावं.
"अबे, बस ना खुर्चीवर."

माझ्या मागं स्टूल करकरलं.

नवीन करून दिली, चारच्याच वेगानं.
वर स्टिकर लावलं नाही, एका अंगाला भार होतो.
पैसे किती, तिनं दोनदा विचारलं.
चित्रात चौकोन राहतील, मी म्हटलं,
ते काही माझ्यानं जात नाहीत.
"राहू द्या," ती म्हणाली.
"राजाचं तोंड कोणाले पाहाचं आहे."